ऑपरेटर प्यायले नव्हते

स्मरणिका आली तेव्हा मी दुकानात जेवायला बसले होते. बी-बियाण्याचं दुकान आहे माझं, जालन्यात. पेरणीच्या दिवसांत घरी जाऊन जेवायची सोय नसते, म्हणून काउंटरवरच डबा उघडते. पाकीट फाडलं तर आमच्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी मेळाव्याची स्मरणिका. गुळगुळीत कागद. पहिल्या पानावर संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो, दुसऱ्या पानावर त्यांच्या वडिलांचा, तिसऱ्या पानावर पुन्हा अध्यक्षांचा. ते चालायचंच. पण पुढे 'आठवणींचा खजिना' असं एक पान होतं आणि त्यावर आमच्या बॅचच्या एका शहाण्याने लिहिलं होतं, "आमच्या सिनेमा हॉलचा ऑपरेटर एका रविवारी इतकी ढोसून आला, की पडद्याची पुढची बाजू कुठली आणि मागची कुठली हेच त्याला कळेना! आम्हा विद्यार्थ्यांना त्याने पडद्यामागे बसवले आणि शेतावरच्या मजुरांना खुर्च्यांवर! हसून हसून आमची पुरेवाट झाली."

पुरेवाट झाली म्हणे! कोण हसलं होतं रे त्या दिवशी? खुर्च्या आपटत होतात तुम्ही, दाराला लाथा घालत होतात. मी डबा तसाच झाकून ठेवला.

ऑपरेटर प्यायले नव्हते. हे मला माहीत आहे, त्या लिहिणाऱ्याला माहीत आहे, आणि 'ऑपरेटर दारूच्या नशेत होता' असं लिहून प्राचार्यांना दिलेल्या कागदावर ज्या चाळीस-पन्नास सह्या होत्या, त्या प्रत्येकाला माहीत होतं. त्यातली एक सही माझी होती. म्हणून मला जास्त संताप आला असेल. असेल तर असो. खोटं ते खोटंच.

आमचं कॉलेज परतूरकडून आष्टीला जाताना लागायचं. माळावर चार इमारती, दोन वसतिगृहं, कॉलेजचं शेत आणि मधोमध पत्र्याचा तो हॉल. सोमवार ते शनिवार तिथे व्याख्यानं, नाहीतर परीक्षा. रविवारी दुपारी बरोब्बर तीनला सिनेमा. खिडक्यांना काळे पडदे सोडले की भर उन्हात आत अंधार व्हायचा. आजूबाजूच्या पंधरा-वीस गावांतली पोरं-पोरी आम्ही. निम्म्यांनी त्याआधी आयुष्यात दोन-तीन सिनेमे पाहिलेले, तेही जत्रेतल्या तंबूत. त्यामुळे रविवार म्हणजे आमचा सण.

आणि त्या सणाचे मालक ऑपरेटर. तोंडावर आम्ही त्यांना मामा म्हणायचो, माघारी ऑपरेटर. पगाराच्या कागदावर ते फिजिक्सच्या लॅबमधले शिपाई होते, पण रविवारी कुणी शिपाई म्हटलेलं त्यांना बिलकुल खपायचं नाही. "सहा दिस शिपाई, आइतवारी ऑपरेटर," असं ठणकावून सांगायचे. बुटकेसे, अंगात कॉलेजची खाकी, खिशात पेचकस, खांद्यावर पांढरा फडका. त्या फडक्याला कायम स्पिरिटचा वास. केमिस्ट्रीच्या लॅबमधून बाटली भरून आणायचे आणि शोच्या आधी तासभर मशीनची भिंगं, चाकं, फिल्म जाते ती फट, सगळं स्पिरिटने पुसत बसायचे. हाताला, कपड्यांना, मिशांनासुद्धा तो वास. हॉलमध्ये शिरलं की आधी तो वास यायचा, मग डोळ्यांना अंधार कळायचा. कॉलेजात पहिल्या आठवड्यात आलेल्या पोरालाही विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं की मामांचा वास स्पिरिटचा आहे. स्वतः मामा चहासुद्धा प्यायचे नाहीत. "त्यानं हात कापतो, आन रीळ जोडताना हात कापला की झालं कल्याण," म्हणायचे.

मशीनला ते बाई म्हणायचे. "बाईचा मूड न्हाई आज, गडबड करू नका." पोरं फिदीफिदी हसायची. मामांना त्यात हसण्यासारखं काही दिसायचंच नाही.

शिट्टी वाजलेली त्यांना चालत नसे. कुणी वाजवली की मशीन बंद, दिवे चालू. कॅबिनची लोखंडी शिडी उतरून मामा सावकाश हॉलच्या मधोमध येऊन उभे. "कोण वाजवली? वाजवा परत. न्हाई न्हाई, वाजवा, लाजायचं कामून? आपन सगळे आधी शिट्टीच आइकू. सिनेमा कुठं पळून राह्यला?" आणि खरंच थांबायचे, फडका झटकत. शेवटी ते पोरगं उठून माफी मागायचं, तेव्हा बाई पुन्हा सुरू.

शनिवारी रीळ एसटीने यायचं. मामा ते स्वतः परतूरला जाऊन उतरवून घ्यायचे आणि त्याच दिवशी एकटे बसून सगळा सिनेमा बघायचे. आवडला नाही, तर रविवारी शो सुरू करायच्या आधी पडद्यासमोर येऊन शेवट सांगून टाकायचे. "यात ती पोरगी शेवटी मरती. काही कारण न्हाई, उगीच मरती. ज्याला रडायचंय त्यानं आत्ताच रडून घ्या." आमची काय चिडचिड व्हायची! एकदा मुलींनी रीतसर तक्रार केली, तर म्हणाले, "आवं, मला एकट्याला काल तिचं मरन सोसावं लागलं. तुमाला निदान आगाऊ कळून राह्यलं."

आणि सिनेमा संपला की दारात उभे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न, "काय पाह्यलं?" चांगला होता मामा, असं म्हटलं की भडकायचे. "चांगला म्हंजी? भाकर बी चांगली असती. काय पाह्यलं ते सांगा." मग काहीतरी सांगावंच लागायचं. तो म्हातारा पाणी पिताना थांबला ते, किंवा तिने दार लावलं आणि पुन्हा थोडं उघडलं ते. असं काही सांगितलं की मामा मान हलवायचे, "बराबर. जा." मी आयुष्यात नीट बघायला शिकले असेन, तर त्या दारात शिकले. प्राध्यापकांनी काय शिकवलं ते मला आता आठवत नाही.

एकदा प्राचार्य पाहुण्यांना घेऊन सव्वातीनला आले. मामांनी तीनला सुरू केलं होतं. प्राचार्य ताठ मानेने मधल्या वाटेने चालले, तर कॅबिनच्या भोकातून आवाज, "साहेब, वाकून या! पडद्यावर तुमचं डोस्कं येऊन राह्यलं!" आणि प्राचार्य पाहुण्यांसकट वाकून गेले. हे प्राचार्य विसरले नाहीत, ते आम्हाला नंतर कळलं.

आता पडद्यामागची गोष्ट. कॉलेजच्या पाठीमागे मेंढपाळांची वस्ती होती. तिथली निम्मी माणसं कॉलेजच्या शेतावर रोजाने यायची, बाकीची मेंढरं घेऊन माळावर. रविवारी ही मंडळी हॉलच्या खिडक्यांना येऊन चिकटायची आणि काळा पडदा बोटाने उचलून बघायची. आत उजेड यायचा, पोरं ओरडायची. मामा प्राचार्यांकडे गेले. म्हणाले, उजेड बंद करायचा एकच उपाय हाय, त्यान्ला आत घ्या. प्राचार्य म्हणाले, हॉलमध्ये नाही. बरीच घासाघीस होऊन असं ठरलं, की त्यांना मागच्या दाराने स्टेजवर सोडायचं आणि पडद्याच्या पाठीमागे बसवायचं. पडदा पातळ कापडाचा होता, चित्र मागूनही स्वच्छ दिसायचं. फक्त उलटं. पाट्या वाचता यायच्या नाहीत, पण तिकडे वाचणारं होतंच कोण! सात वर्षं हे असं चाललं होतं. आम्ही खुर्च्यांवर, ते पडद्यामागे फरशीवर. मध्ये एक कापड.

आणि त्या कापडामागे दर रविवारी माझी सख्खी मावशी बसायची.

हे कॉलेजात कुणालाही माहीत नव्हतं. माझे वडीलही मेंढरंच राखायचे. मी शाळेत जायला लागले तेव्हा त्यांनी कळप विकून घनसावंगीकडे थोडी जमीन केली. वसतिगृहात मी सांगितलं होतं, आमची शेती आहे. खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. मावशीला मी बजावून ठेवलं होतं की कॉलेजात मला हाक मारायची नाही. तिने कधी मारली नाही. ती शेतावर खुरपत असली आणि मी मैत्रिणींबरोबर बांधावरून चालले की ती मान खाली घालून आणखी जोरात खुरपायची. आज हे लिहिताना माझं मलाच थोबाडीत मारावंसं वाटतं.

एका सुट्टीत मी वस्तीवर गेले होते. मावशी भाकरी थापता थापता म्हणाली, "काय गं, शहरातली समदी मान्सं डाव्या हातानंच जेवतेत का गं? आन पदर बी उजव्या खांद्यावर. आगं, देवाचा परसाद सुदीक डाव्या हातानं घेतेत! त्यान्ला कुनी सांगत न्हाई का?"

मी हसले. तिला समजावून सांगावं की मावशे, तू मागून बघतेस म्हणून तसं दिसतं, तर ते नाही. पोट धरून हसले आणि परत येऊन वसतिगृहात विनोद म्हणून सांगितला. शेतावरच्या एका बाईचा म्हणून. मावशीचा नाही. दोन दिवसांत तो विनोद कॉलेजभर झाला. पोरं मेसमध्ये डाव्या हाताने घास घेऊन दाखवायला लागली.

मामांनी मला लॅबच्या व्हरांड्यात गाठलं. "ते डाव्या हाताचं तुमी सांगितलं का?"

"हो मामा."

"बाई कोनती?"

"अशीच... शेतावरची."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग तिथेच पायरीवर बसले. मला वाटलं हसतील. त्यांचा चेहरा लालेलाल झाला होता. "सात वर्सं," ते म्हणाले. "सात वर्सं मी त्यान्ला उलटं दाखवून राह्यलो. मला वाटलं, सिनेमा दाखवतो. मान्सं देवाचा परसाद डाव्या हातानं घेतेत असं मी त्यान्ला शिकवून राह्यलो! आन तुमी सगळे हसून राह्यले. हसायचं कोनावर पायजे? माझ्यावर हसा ना!"

मी घाबरून म्हटलं, मामा, रीळ उलटं घालून चालवता येणार नाही का? तर म्हणाले, "बाई उलटी चालत न्हाई. आवाज जातो. मान्संच बदलावी लागतेन."

त्या रविवारी आम्ही पावणेतीनला हॉलपाशी गेलो, तर खुर्च्या भरलेल्या. वस्तीवरची सगळी माणसं, बाया, लेकुरवाळ्या, म्हातारे, घोंगडी घडी करून मांडीवर ठेवून ताठ बसलेले. खुर्चीवर टेकायची सवय नव्हती कुणाला. मामा दारात. "आज तुमची जागा मागं. एकच आइतवार. पुढच्या आइतवारी तुमी पुन्हा म्होरं."

काय गोंधळ झाला! आमचा जीएस पुढे होता, त्याने दाराला लाथ घातली. पोरांनी व्हरांड्यातल्या खुर्च्या आपटल्या. "आम्ही काय फरशीवर बसायचं? ह्यांच्या मागं?" ह्यांच्या हा शब्द जीएसने असा काही उच्चारला, की तो मला आजही ऐकू येतो. निम्मी पोरं निघून गेली. आम्ही काही मुली मागच्या दाराने स्टेजवर जाऊन बसलो. तीनला बाई सुरू झाली. पडद्यावर सगळी माणसं डावखुरी. आणि पलीकडून, खुर्च्यांवरून, सुरुवातीला चिटपाखराचा आवाज नाही. मग हळूहळू कुजबुज, मग एका म्हातारीचा मोठा आवाज, "आगं, उजवा हाय की गं हात!" त्याच्यावर जो हशा उठला तो मी तरी त्या हॉलमध्ये पुन्हा कधी ऐकला नाही. सिनेमा शेवटपर्यंत झाला. मामांनी दारात उभं राहून प्रत्येकाला विचारलं, काय पाह्यलं. त्या दिवशी बाहेर पडायला लोकांना तास लागला.

सोमवारी मेसमध्ये कागद फिरला. जीएसने लिहिला होता. ऑपरेटर दारूच्या नशेत होता, त्याच्या अंगाला वास येत होता, त्याने विद्यार्थ्यांचा अपमान केला. वासाचं वाचून एक-दोघे हसलेसुद्धा, इतकं ते उघड खोटं होतं. पण जागा बदलली एवढ्यावर कुणाला काढता येत नाही, दारूवर येतं. कागद मुलींच्या टेबलावर आला. मी जरा थांबले, तर शेजारची म्हणाली, "काय गं, तुझं कोण लागतं का त्यांच्यात?"

मी सही केली. सुवाच्य अक्षरात, पूर्ण नावाने.

मामांची हॉलवरून उचलबांगडी झाली. शेतावरच्या पंपावर बसवलं. निवृत्तीपर्यंत ते मोटर चालू-बंद करत राहिले. वस्तीवरच्या लोकांचं मागचं दार बंद झालं ते झालंच. हॉलवर दुसरा माणूस आला, मग टीव्ही आले, मग हॉलचं गोदाम झालं. पण दारुड्या ऑपरेटर हे नाव काही गेलं नाही. माझ्या मागून पाच वर्षांनी शिकलेली पोरंसुद्धा हा किस्सा सांगतात, तोही मामांना न पाहता!

स्मरणिका वाचून मी पहिला फोन केला तो त्या जीएसला. तो आता संस्थेचा सचिव आहे.

"अहो ताई, गंमत आहे ती," तो म्हणाला. "लोक वाचून हसतात. एवढं काय मनाला लावून घेताय?"

"गंमत? एका माणसाचं नाव बदनाम करता आणि गंमत म्हणता? ते प्यायले होते का? तुम्हीच सांगा ना, कागद तुम्हीच लिहिला होता!"

"आता पस्तीस वर्षांनी कोण कशाला उकरतंय? आणि ते हयात तरी आहेत का? तुम्ही मेळाव्याला या. हॉलचं उद्घाटन आहे, एसी केलाय. तुम्हाला दोन मिनिटं बोलायला देतो, प्रथितयश महिला उद्योजक म्हणून."

प्रथितयश! मी फोन आपटला, म्हणजे आपटण्यासारखा फोन आता राहिला नाही, पण जोरात बंद केला. आणि दुसऱ्याच दिवशी गाडी काढून कॉलेजला गेले.

हॉल ओळखू येत नाही. पत्रे गेले, छताला दिव्यांची नक्षी, मऊ लाल खुर्च्या, अध्यक्षांसाठी पुढे सोफे. स्टेजच्या मागचं दार भिंत घालून बंद केलंय. कॅबिन पाडून तिथे पाहुण्यांसाठी स्वच्छतागृह केलंय. खरंच सांगते, जिथे बाई उभी होती बरोब्बर तिथे. मी वॉचमनला विचारलं, मशीन कुठे आहे? तो म्हणाला, भंगारात गेलं असेल, मी यायच्या आधीच. मामांचा पत्ता मात्र त्याला माहीत होता. तीर्थपुरीच्या अलीकडे मुलाकडे असतात. "ते दारुडे ऑपरेटर ना?" तो म्हणाला. सहजपणे म्हणाला, वाईट हेतूने नाही. मी त्याला तिथेच फैलावर घेतलं. तो बिचारा बघतच राहिला.

मामा घराबाहेर बाजेवर बसले होते. ऐंशीच्या घरातले, पण नजर तीच. मी नाव सांगायच्या आत म्हणाले, "तुमी ती. मेंढरंवाल्याच्या बाईची भाची."

"तुम्हाला माहीत होतं, मामा?"

"नाक सारखं हाय ना दोघींचं. सात वर्सं तिला पाह्यलं मी. कशी हाय ती?"

"गेली. बारा वर्षं झाली."

मामी बाहेर आल्या. मी कोण ते कळल्यावर पदर खोचून उभ्या राहिल्या. "आता आल्या व्हय? पस्तीस वर्सं बस स्टँडवर जा, लग्नात जा, बाया मला इचारतेत, मालक अजून पितेत का? ह्या मान्सानं कधी थेंब तोंडाला लावला न्हाई. पोराची सोयरीक मोडली त्याच्यापायी, एकदा न्हाई, दोनदा. कोनी सांगायला आलं न्हाई, की बाई, खोटं हाय ते!"

मी स्मरणिका आणली होती. का आणली कुणास ठाऊक. मामांनी ते पान बोट ठेवून वाचलं आणि मिटून बाजेवर ठेवलं. मी म्हटलं, "मामा, त्या कागदावर माझी सही होती."

"पाह्यली होती. साहेबांनी मला कागद वाचायला दिल्ता."

"तो वास स्पिरिटचा होता, हे मला माहीत होतं."

"ते बी ठाव हाय मला."

"मग तुम्ही सांगितलं का नाही? चौकशीत सांगायचं, की त्या लोकांना उलटं दिसत होतं म्हणून केलं!"

"सांगितलं ना." मामा शांतपणे म्हणाले. ते शांत होते याचाच मला राग येत होता. "साहेब म्हन्ले, तुला कोनी सांगितलं त्यान्ला उलटं दिसतंय म्हनून? मी म्हन्लो, एका पोरीनं. साहेब म्हन्ले, तिचं नाव सांग. ती येऊन सांगू दे कोन बाई काय बोलली, मंग हा कागद मी तुझ्यासमोर फाडतो. न्हाईतर तू पिलाच होता."

"मग?"

"मंग काय? तुमी मावशीचं कोनाला सांगितलं नव्हतं. वसतिगृहात तुमाला राहायचं होतं. परीक्षा होती. ते तुमचं घरचं होतं. मी कसं सांगनार?"

मामी मामांकडे वळल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता, उतरला होता. "हे मला कामून सांगितलं न्हाई?"

"तू जाऊन तिचं नाव सांगितलं असतं."

"सांगितलंच असतं!"

"मंग," मामा म्हणाले.

मामी माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या मला अंगणातून हाकलून देणार, आणि द्यावंच. त्या म्हणाल्या, "तो तुमचा कार्यक्रम कधी हाय?"

"रविवारी."

"हे येनार न्हाईत. मी येते. मला घ्यायला या जल्दी, मला म्होरं बसायचंय."

रविवारी मी त्यांना घेऊन गेले. हिरवं लुगडं, डोक्यावरून पदर, पायांत नवीन चपला. मामी सरळ पुढे गेल्या आणि अध्यक्षांच्या सोफ्यावर बसल्या. एक स्वयंसेवक धावत आला, आजी, ही जागा राखीव आहे. मी म्हटलं, "त्यांच्यासाठीच राखीव आहे. हात लावून बघ." तो निघून गेला. अध्यक्ष दुसऱ्या सोफ्यावर बसले.

सत्कार झाले, हार झाले, सचिवाने माझं नाव पुकारलं आणि हसत हसत कानाशी सांगितलं, ताई, दोन मिनिटं हं. मी माईकसमोर उभी राहिले. लाल खुर्च्यांवर सगळे ओळखीचे चेहरे, पांढरे केस, काळे केलेले केस.

मी म्हटलं, स्मरणिकेत ऑपरेटरांबद्दल छापलंय ते खोटं आहे. ते प्यायले नव्हते. तो वास स्पिरिटचा होता आणि हे आपल्या सगळ्यांना माहीत होतं. त्या कागदावर माझी सही आहे, इथे बसलेल्या बऱ्याच जणांची आहे. पडद्यामागे बसायची ती मेंढपाळाची बायको माझी सख्खी मावशी होती. तिला सगळं उलटं दिसतं हे मी ऑपरेटरांना सांगितलं, आणि माझं नाव सांगावं लागू नये म्हणून त्यांनी दारुडा हे नाव घेतलं. पस्तीस वर्षं घेतलं.

सचिव खाली बघत होता. मधल्या रांगांतले काही जण फोन बघायला लागले. मला कळलं, की बोलता बोलता माझा आवाज बसलाय आणि शेवटचं वाक्य मी जवळजवळ पुटपुटले आहे.

सोफ्यावरून मामी उठल्या. मागे वळून त्यांनी सगळा हॉल एकदा नजरेखालून घातला, मग माझ्याकडे बघून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "पोरी, मागं ऐकू गेलं न्हाई. परत सांग."